युरोपच्या इतिहासाची उजळणी : साम्य आणि फरक

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी आधुनिक युरोपच्या इतिहासाच्या पेपरात मी नापास झाले. दुसऱ्या खेपेस तोच पेपर बऱ्यापैकी गुणांनी सुटला. मधल्या काळात अभ्यासाची जी एक रीत हाती लागली, ती आपल्या महाविद्यालयातील धाकट्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावी आणि गुरुजनांनी तीत दुरुस्ती सुचवावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

नापास कशी झाले हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण रीत तेथूनच निघाली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आईचे कमरेचे दुखणे बळावले. घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. अर्ध्या कोयत्याने उचल फिटत नाही. म्हणून आईच्या जागी अण्णांबरोबर मी गेले. चार महिने फडात काढले. सोबत एक गाईड होते. रात्री कोपीत मोबाइलच्या उजेडात सनावळी पाठ करायची आणि पहाटे उसात शिरल्यावर ती विसरायची, असा क्रम चालला. परीक्षेत १८१५ च्या जागी १८४८ लिहिले, आणि व्हिएन्नाची परिषद कोणत्या युद्धानंतर भरली हेही आठवेना. सनावळी होती, पण तिला धरून ठेवणारा धागा नव्हता.

पुढच्या वर्षी नियमित वर्गात बसले. चाचणी परीक्षेत इंग्लंडमधील शेतांना कुंपणे घालण्याच्या चळवळीवर प्रश्न होता. मी मोठ्या उत्साहाने लिहिले, की कुंपणांमुळे गाव सोडून गिरणीत गेलेला इंग्रज मजूर आणि बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार हे एकच होत. उत्तर चांगले पानभर झाले. सरांनी दहापैकी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने एकच ओळ लिहिली : “साम्य लिहिलेस, फरक कुठे आहे?” प्रथम वाईट वाटले. पण पुढे या ओळीनेच मला पेपर सोडवायला शिकवले.

तेव्हापासून प्रत्येक घटनेला मी चार प्रश्न विचारते. याआधी काय होते? ते कशामुळे बदलले? बदलाने कोणाचे भले आणि कोणाचे नुकसान झाले? आणि त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते व त्यात फरक कोणता? चौथा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही. परंतु पहिल्या तिन्हींची उत्तरे त्याच्यामुळे डोक्यात राहतात. अभ्यासक्रमाच्या क्रमानेच आता काही उदाहरणे पाहू.

छापखाना आणि पासोडी

प्रबोधनाची सुरुवात आपण १४५३ सालापासून करतो. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि प्रबोधन झाले, असे तीन वाक्यांत उत्तर उरकते. पण प्रबोधनाचा अग्रदूत मानला जाणारा कवी पेट्रार्क १३७४ सालीच वारला होता. म्हणजे ओढ आधीचीच होती. फ्लॉरेन्स, व्हेनिस यांसारखी शहरे व्यापाराने श्रीमंत झाली होती आणि मेदिचींसारखी सावकार घराणी कलावंतांना आश्रय देत होती. १४५३ ही काळाची खूणगाठ समजावी. एकमेव कारण समजू नये.

प्रबोधनाचे विचार दूरवर नेले ते छापखान्याने. माइन्झ येथे गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले. त्याचा परिणाम समजून घ्यायचा तर दोन धर्मसुधारक शेजारी ठेवून पाहावेत. बोहेमियातील जॉन हस याने चर्चच्या भ्रष्टाचारावर टीका केली. त्याला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापमुक्तीपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले; तो वाचला आणि त्याचा पंथही पसरला. साम्य विचारात होते. फरक असा, की हसच्या वेळी छापखाना नव्हता, आणि ल्यूथरला सॅक्सनीच्या इलेक्टरचे संरक्षण होते. धर्मसुधारणेच्या यशाची दोन ठळक कारणे या एका तुलनेतून निघतात. ती निराळी पाठ करावी लागत नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. अंबाजोगाईचे दासोपंत यांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी शेक्सपिअर वारला. दासोपंतांनी आपला ‘पंचीकरण’ हा विषय सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिला. तीच प्रसिद्ध पासोडी. आपल्यापैकी अनेकांनी तिच्याविषयी लहानपणापासून ऐकले आहे. ज्या शतकात युरोपात पुस्तके हजारोंनी छापली जात होती, त्याच शतकात आपल्या जिल्ह्यात एवढा मोठा ग्रंथकार कापडावर हाताने लिहीत होता. पासोडी एकच, वाचणाऱ्याने तिच्यापाशी जावे लागे. छापलेले पुस्तक वाचणाऱ्यापाशी जाते.

मग आपल्याकडे छापखाना नव्हता काय? होता. पोर्तुगीजांच्या गोव्यात १५५६ सालीच तो आला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्या वेळी त्याच्या मायदेशी एलिझाबेथ राणीचे प्रॉटेस्टंट राज्य होते आणि कॅथलिक धर्मगुरूला तेथे थारा नव्हता. त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मात्र देवनागरीचे खिळे नसल्यामुळे रोमन लिपीत. ल्यूथरचे बंड, त्याला उत्तर म्हणून कॅथलिकांनी केलेली प्रतिधर्मसुधारणा, १५४० साली मान्यता मिळालेला जेझुइट संघ, ही सारी साखळी या एका मराठी ग्रंथाला येऊन भिडते. माझ्या वहीत प्रतिधर्मसुधारणेच्या पानावर मी फक्त ‘राचोल, १६१६’ एवढेच लिहून ठेवले होते.

फरकही येथेच ध्यानात येतो. यंत्र आले एवढ्याने ज्ञान पसरत नाही. युरोपात छापखाना हा धंदा होता. पुस्तक खपले तर छापणाऱ्याला पैसा मिळे, म्हणून लोकांच्या भाषेतली पुस्तके निघाली. गोव्यात तो धर्मप्रसारकांच्या हाती राहिला. मराठी लोकांच्या हाती वृत्तपत्र आले ते बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने, १८३२ साली. मधे २७६ वर्षे गेली.

राजे आणि कंपन्या

सोळावे व सतरावे शतक मी भराभर उरकते. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला आणि १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. व्यापाराचा गुरुत्वमध्य भूमध्य समुद्राकडून अटलांटिक महासागराकडे सरकला आणि इटलीची शहरे मागे पडली. १६०० साली इंग्रजांची, १६०२ साली डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनी उद्ध्वस्त झाला आणि वेस्टफालियाच्या तहाने सार्वभौम राज्यांची कल्पना रुजली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६४३ ते १७१५ असे दीर्घ राज्य केले व अनियंत्रित राजेशाही कळसाला नेली. इंग्लंडमध्ये उलट १६८८ च्या रक्तहीन क्रांतीने राजाच्या हातातून तिजोरीच्या किल्ल्या पार्लमेंटकडे गेल्या.

शेवटच्या दोन वाक्यांतील फरकच पुढच्या शतकाचा पाया आहे. कर कोण बसवतो आणि तो बसवताना कोणाला विचारतो, हे पाहावे. इंग्लंडमध्ये व्यापारी आणि जमीनदार पार्लमेंटमध्ये बसत. म्हणून त्यांनी दिलेल्या कर्जाला भरवसा होता. फ्रान्समध्ये तो नव्हता. आपल्याकडची खूण म्हणून १६७४ सालचा जून महिना लक्षात ठेवावा. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला रायगडावर इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता आणि त्याला व्यापाराचा तह करून हवा होता. कंपनी त्या काळी राजापुढे अर्ज घेऊन उभी राहत असे.

फ्रान्सची भाकरी आणि असईचे रण

फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांत व्हॉल्तेअर, रूसो, माँतेस्क्यू ही नावे सर्वांना येतात. परंतु तत्त्वज्ञ अनेक वर्षे लिहीत होते. क्रांती १७८९ सालीच का झाली? येथे शेतकऱ्यांच्या मुलांना उत्तर लवकर समजेल. १३ जुलै १७८८ रोजी उत्तर फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली आणि उभे पीक झोपले. २०१४ सालची मराठवाड्यातील गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना आणखी काही सांगायला नको. त्यानंतर कडक हिवाळा आला आणि पावाचे भाव कडाडले. इकडे राजाची तिजोरी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला मदत करून रिकामी झाली होती. सरदार आणि धर्मगुरू बहुतेक करांतून मोकळे. भार तिसऱ्या वर्गावर. १६१४ नंतर न भरलेली तीन वर्गांची सभा राजाला १७८९ च्या मे महिन्यात बोलवावी लागली आणि १४ जुलैला बॅस्तिलचा तुरुंग पडला.

दूरचे कारण, मधले कारण आणि ठिणगी असे तीन कप्पे मी येथे शिकले. सरंजामी विषमता हे दूरचे कारण, दिवाळखोरी हे मधले, आणि पावाचा भाव ही ठिणगी. फरक असा, की गारपीट आपल्याकडेही झाली, क्रांती झाली नाही. कारण येथे मते मागायला येणारी माणसे असतात आणि नुकसानीचे पंचनामे होतात, ते वेळेवर होवोत अथवा न होवोत. फ्रान्समध्ये शेतकऱ्याला गाऱ्हाणे मांडायलाही १७५ वर्षे सभा नव्हती.

नेपोलियनचा भाग मला सर्वांत दूरचा वाटे. तो जवळ आला जालना जिल्ह्यातील असईमुळे. या गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पलटणी तेथे पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली लढल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी त्याने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला. त्याच वर्षी व्हिएन्नाची परिषद पूर्ण झाली व युरोपात जुनी राजघराणी पुन्हा गादीवर बसवली गेली. असई, वॉटर्लू, व्हिएन्ना अशी ओळ एकदा मनात बसली, की १८१५ आणि १८४८ यांची गल्लत होण्याचे कारण राहत नाही. १८४८ म्हणजे व्हिएन्नाने बसवलेली घडी विस्कटण्याचे साल.

वाफ, सूत आणि माणसे

औद्योगिक क्रांती प्रथम इंग्लंडमध्येच का झाली, हा हमखास येणारा प्रश्न. कोळसा, लोखंड, भांडवल, वसाहती, स्थिर राज्यव्यवस्था, जलमार्ग ही यादी सर्वांना येते. यादीतला कोळसा मला परळीमुळे समजला. परळीला १९७१ पासून कोळशावर वीज तयार होऊ लागली. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने चाक फिरवायचे. तत्त्व जेम्स वॉटच्या १७६९ च्या पेटंटातल्याप्रमाणे वाफेचेच. पण २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा असून वाफ नव्हती. इंग्लंडमध्ये कोळसा, पाणी आणि बंदर एकमेकांजवळ होते, हे भूगोलाचे दान किती मोठे, ते यावरून कळते.

शोधांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांची साखळी करावी. फडात तोडणारे पुढे गेले, की मोळ्या बांधणारे मागे पडतात. ते सावरले, की गाडी भरणारे कमी पडतात. कापड धंद्यात असेच झाले. जॉन के याच्या धावत्या धोट्याने (१७३३) विणकर वेगवान झाला आणि सूत अपुरे पडू लागले. म्हणून हारग्रीव्हजची स्पिनिंग जेनी (१७६४ च्या सुमारास), आर्कराइटची पाण्यावर चालणारी चाती (१७६९) आणि क्रॉम्प्टनचे म्यूल (१७७९). आता सूत उदंड झाले, विणकर अपुरे पडले. म्हणून कार्टराइटचा यंत्रमाग (१७८५). मग कापूसच पुरेना. म्हणून अमेरिकेत व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले (१७९३). आणि या शेवटच्या यंत्रामुळे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांचे मळे आणखी वाढले. इंग्लंडमध्ये श्रम वाचवणाऱ्या यंत्रांनी समुद्रापलीकडे गुलामी वाढवली, हे वाक्य मी परीक्षेत लिहिले.

ही साखळी आपल्या काळ्या जमिनीपर्यंत येते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहिले आणि मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतल्या कितीतरी कंपन्या व बँका १८६५ साली बुडाल्या. कपाशीचा भाव आपल्या बांधावर ठरत नाही, हे बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आजही शिकवावे लागत नाही. त्याची सुरुवात कोठे झाली ते मात्र इतिहासात सापडते.

आता माझ्या चार गुणांच्या उत्तराकडे येते. इंग्लंडमध्ये गावच्या सामाईक जमिनींना कुंपणे घालण्यासाठी पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाखाली गेली. १७६० नंतर या कामाला विशेष वेग आला. ज्याची एक गाय गायरानावर चरत असे, जो जंगलातून सरपण आणत असे, त्याचा तो हक्क संपला. गाव सोडून तो गिरणीत गेला, असे हॅमंड दांपत्याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. पुढे १९५३ साली चेंबर्स या इतिहासकाराने दाखवले, की कुंपण घातलेल्या शेतीला उलट जास्त मजूर लागत. गिरण्यांना माणसे मिळाली ती मुख्यतः वाढत्या लोकसंख्येतून. म्हणजे ज्या साम्यावर मी पानभर लिहिले, त्याचा पायाच इतिहासकारांत वादाचा होता. सरांची लाल ओळ किती योग्य होती, ते मला ग्रंथालयात बसल्यावर कळले.

फरक आता असे लिहिता येतात. इंग्रज मजुराचा हक्क कायद्याने कायमचा संपला आणि तो परत गेला नाही. १८५१ च्या शिरगणतीत तेथील निम्म्याहून अधिक लोक शहरात राहणारे निघाले. बीडचा ऊसतोड कामगार दरवर्षी दिवाळीनंतर जातो आणि पट्टा पडला की परत येतो. त्याची जमीन असली तर बहुधा कोरडवाहू, भावाभावांत वाटली गेलेली, पर्जन्यछायेतली असते; कोणी कुंपण घातलेले नसते. शिवाय इंग्लंडमध्ये यंत्राने माणसाला कारखान्यात ओढले; आपल्याकडे कारखान्यात यंत्र आहे, पण त्याच्या पुढ्यात येणारा ऊस मुख्यतः कोयत्यानेच तुटत आला आहे. आणि मजुरी आधी उचलून नंतर फेडायची, ही तर गिरणीच्या आठवडी पगाराहून अगदी वेगळी रीत आहे.

मग कोणाशी तुलना जुळते? मला वाटते, मुंबईच्या गिरणी कामगाराशी जास्त जुळते. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. तेथे आलेला कोकणातला, घाटावरचा माणूस गावचा तुकडा सोडून आला नव्हता. पेरणीला, लग्नकार्याला तो गावी जाई. त्याला कामावर घेणारा जॉबर होता, जसा आमचा मुकादम. त्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा घेतल्या, निवेदन तयार केले, आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी मिळाली.

कायदा आणि त्याची अंमलबजावणी

कारखाना कायद्यांचा तक्ता प्रत्येकाने करावा. १८३१ च्या कायद्याने मजुरी मालाच्या रूपाने देण्यास बंदी झाली. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई झाली. ९ ते १३ वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा पडली. १८४२ साली खाणीत जमिनीखाली स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना कामास लावणे बंद झाले. १८४७ साली स्त्रिया व अल्पवयीनांसाठी दहा तासांचा दिवस ठरला. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली. तो होण्यामागे दयाबुद्धी होती, तसाच मुंबईच्या स्वस्त मालाला भ्यालेल्या लँकेशायरच्या मालकांचा आग्रहही होता. १८९१ साली ही वयोमर्यादा नऊ झाली आणि आठवड्याची सुटी कायद्यात आली.

उजळणी करताना १८३३ चा कायदा मी एकदा अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात चार निरीक्षक नेमले होते हे ऐकून ते म्हणाले, “चारच साहेब? अन् गिरण्या किती म्हणलीस?” माझ्या गाईडात हा प्रश्न नव्हता. परंतु कायद्याचे मूल्यमापन करा, असे परीक्षेत विचारतात तेव्हा नेमके हेच लिहायचे असते : कायदा काय म्हणतो, तो कोणाला लागू आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला माणसे किती आहेत. अण्णा चौथीपर्यंत शिकले आहेत. मूल्यमापन म्हणजे काय ते मला त्यांच्याकडून समजले.

१८४२ च्या कायद्याआधी खाणींची चौकशी झाली होती. बायका आणि मुले स्वतः बोलली, त्यांचे बोलणे छापले गेले, वाचणाऱ्यांना लाज वाटली आणि मग कायदा झाला. आपल्या जिल्ह्यातही २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसाठी ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि २०२१ साली त्यांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. हे आकडे युरोपच्या पेपरात लिहायचे नाहीत. पण चौकशी, आकडे, कायदा आणि अंमलबजावणी ही चार पावले इंग्लंडने किती वर्षांत टाकली हे मोजताना, आपण कोणत्या पावलावर आहोत हा विचार मनात येतोच. १८३३ पासून १८४७ पर्यंत चौदा वर्षे लागली, तीही संघटना, निवेदने आणि वृत्तपत्रे असताना.

शेवटचा भाग राष्ट्रवादाचा. इटलीचे राज्य १८६१ साली झाले, रोम १८७० साली मिळाले. जर्मन साम्राज्य १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायला घोषित झाले. मॅझिनी विचार देतो, काव्हूर डाव खेळतो, गॅरिबाल्डी तलवार चालवतो. जर्मनीत ही कामे बव्हंशी एकट्या बिस्मार्ककडे येतात. हाच दोन्ही एकीकरणांतील फरक. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र १९०७ साली मराठीत आणले आणि सरकारने ते जप्त केले, ही आपल्याकडची खूण.

उत्तरपत्रिकेविषयी थोडे

पहिली गोष्ट, स्थानिक उदाहरण उत्तरात लिहू नये. ते स्वतःसाठी आहे. प्रश्न युरोपचा आहे आणि परीक्षकाला युरोप हवा असतो. दुसरी, प्रत्येक उत्तरात किमान एक ‘परंतु’ असावा : प्रबोधनाने माणसाला केंद्रस्थानी आणले, परंतु ते शहरांतल्या सुखवस्तू वर्गापुरते राहिले, राज्यक्रांतीने समता घोषित केली, परंतु स्त्रियांना मताचा हक्क दिला नाही. या ‘परंतु’ने उत्तराला विचार येतो. तिसरी, पाचशे सने पाठ करण्यापेक्षा वीस सने पक्की करावीत आणि बाकीची त्यांच्या आगेमागे टांगावीत. चौथी, नकाशा समोर ठेवावा. आणि पाचवी, जे वाचले ते घरातल्या कोणाला तरी साध्या बोलीत सांगून पाहावे. सांगता आले नाही तर आपल्याला ते समजलेले नाही असे खुशाल मानावे.

जगातील पहिला, सर्वस्वी वाफेच्या इंजिनांवर चालणारा शहरांमधला लोहमार्ग लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्ये १८३० साली सुरू झाला. मुंबई–ठाणे १८५३ साली. परळीला निजामी काळापासून रूळ आहेत, पण बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी. इतिहासाचा अभ्यास करताना मला आपण मागे राहिलो याचे पूर्वी दुःख होत असे. आता वाटते, की मागे का राहिलो याची कारणे क्रमाने लिहिता आली, तर त्या दुःखाचा काही उपयोग होतो.

यंदा आईचे दुखणे बरे आहे आणि अण्णांनी उचल घेतलेली नाही. मी तिसऱ्या वर्षाला आहे. ज्या मैत्रिणींना यंदा फडात जावे लागले आहे, त्यांनी परत आल्यावर माझी वही मागून घ्यावी. वहीच्या पहिल्या पानावर सरांची ती ओळ मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे.